मोठं व्हायला वेळ लागतो

बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण आज तालुक्याचं ठिकाण आहे. नऊशे वर्षांपूर्वी हेच गाव कल्याण या नावाने चालुक्यांची राजधानी होतं. तिथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९-३०च्या आसपासचा. राजाला ठाऊक असायला हवं ते सगळं त्याच्या शंभर अध्यायांत आहे: हत्तींची पारख, रत्नं, स्वयंपाक, गाणं, खेळ. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद याच ग्रंथातली, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा आहे. त्यात चित्रकलेचाही सविस्तर विचार आहे. भिंत कशी तयार करायची, म्हशीचं कातडं उकळून वज्रलेप कसा करायचा, हे सांगितलं आहे आणि चित्रांचे प्रकारही दिले आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब ते विद्ध चित्र. मनातल्या कल्पनेतून उतरलेलं ते अविद्ध. आणि पाहताक्षणी ज्यातला शृंगारासारखा भाव कळतो ते भावचित्र.

आजच्या ॲनिमेशनकडे पाहायला ही विभागणी अजूनही कामी येते. आपल्याकडे ॲनिमेशन म्हटलं की डोळ्यांसमोर अविद्ध चित्रच येतं: बोलणारा उंदीर, सूर्याकडे झेपावणारा हनुमान, लाडू खाल्ला की ताकद येणारा भीम. टीव्हीवर ते लागलं की मोठी माणसं उठून कामाला लागतात, कारण ते पोरांचं असतं. पण जगात ॲनिमेशनची आणखी एक परंपरा आहे. तिच्यात जादू नसते आणि राक्षसही नसतो. असते ती शाळेत जाणारी मुलगी, तिचं दप्तर, घरचा अभ्यासाचा तगादा आणि एका मुलाचं नाव कुणी घेतलं की छातीत होणारी धडधड. विद्ध आणि भाव हे दोन्ही प्रकार इथे एकाच चौकटीत येतात. किशोरवयातलं प्रेम आणि मोठं होणं या परंपरेने फार नेमकं पकडलं आहे. ते कसं साधतं, आणि ज्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तरुण जोडप्यांच्या एकत्र येण्याची किंमत रक्ताने मोजली गेल्याची आठवण आठशे वर्षं जुनी आहे, तिथे अशा गोष्टी का हव्यात, हे या प्रकरणात पाहू.

कॅमेरा असताना चित्र कशाला?

खरी शाळा आहे, खरी मुलं आहेत, कॅमेरा तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मग एवढं सगळं हाताने काढायचं कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं असं की कॅमेऱ्यासमोर जे असतं ते आपोआप चित्रात येतं. काढलेल्या चित्रात आपोआप काहीच येत नाही. खिडकीबाहेरची वायर, बुटाची सुटलेली नाडी, कॉलरला लागलेला घामाचा डाग, यातलं जे दिसतं ते कुणीतरी विचार करून काढलेलं असतं. त्यामुळे रोजच्या साध्या वस्तूला वजन येतं. प्रेक्षकही ती वस्तू पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहतो.

दुसरं उत्तर वेळेचं आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन किंवा तीन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं लागतात. दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी भरतात. तीन चौकटींना एक चित्र असा काटकसरीचा हिशेब धरला तरी ४३,२०० चित्रं होतात. आता एक प्रसंग घ्या. मुलगी मुलाच्या हातातून वही घेते, तिची बोटं क्षणभर अडखळतात, ती मान खाली घालते. सगळं मिळून चार सेकंद. चित्रकाराला तेवढ्यात तीस-बत्तीस चित्रं काढायची असतात आणि प्रत्येकाआधी ठरवायचं असतं: आधी बोटं मागे जातील की नजर? कान आधी तापेल की ओठ आधी आवळले जातील? चांगला नट हे सहज करून जातो. चित्रकाराला मात्र त्या संकोचाचे तुकडे करावे लागतात आणि एकेक तुकडा समजून घेऊन पुन्हा सांधावा लागतो. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी अशाच चार-चार सेकंदांत होऊन जातात. घरातल्या कुणाच्या त्या लक्षातही येत नाहीत. ही कला मात्र त्या सेकंदांपाशी थांबते.

इसाओ ताकाहाता या जपानी दिग्दर्शकाने १९९१ साली ‘ओमोइदे पोरो पोरो’ हा चित्रपट केला. सत्तावीस वर्षांची ताएको शहरातून खेड्यात शेतकामाला जाते आणि वाटेत तिला आपलं पाचवीतलं वर्ष, १९६६ साल, आठवत राहतं. मोठेपणीचा भाग आणि बालपणीचा भाग वेगवेगळ्या हाताने काढल्यासारखे दिसतात. मोठ्या ताएकोच्या भागात आधी नटांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि नंतर त्या बोलण्याबरहुकूम चेहरे काढले, म्हणून हसताना तिच्या गालांवर स्नायूंच्या रेघा उमटतात. बालपणीची चित्रं मात्र फिकट आहेत आणि कडांना पांढरी होत विरून जातात, कारण आठवणीत चारही कोपरे भरलेले नसतात. त्या भागात दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा गल्लीच्या वळणावर तिला गाठतो. दोघांनाही काय बोलावं ते सुचत नाही. शेवटी तो विचारतो की तुला कोणता दिवस आवडतो, पावसाचा, ढगाळ की उन्हाचा? ती म्हणते, ढगाळ. त्यालाही तोच आवडत असतो. बस, एवढंच. तो पळत सुटतो आणि घरी निघालेली ताएको हवेत पोहू लागते. अख्ख्या चित्रपटात वास्तव सोडून काढलेल्या जागा मोजक्या आहेत आणि ही त्यातली एक. त्या मुलीच्या दृष्टीने त्या संध्याकाळी खरोखर तेच घडलं होतं.

याच चित्रपटात शाळेत मुलींना मासिक पाळीची माहिती देतात, ती बातमी मुलांपर्यंत पोचते आणि चिडवाचिडवी सुरू होते. सगळं सरळ काढलंय, काही झाकलेलं नाही आणि उगाच धीटपणाही नाही.

शिझुकूचे दोन महिने

या प्रकारातला सर्वांत नितळ चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘मिमी ओ सुमासेबा’चं नाव घेईन. स्टुडिओ घिब्लीने तो १९९५ साली केला. आओई हिइरागी यांच्या चित्रकथेवरून हायाओ मियाझाकी यांनी पटकथा लिहिली आणि योशिफुमी कोन्दो यांनी दिग्दर्शन केलं. कोन्दो १९९८ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट.

शिझुकू चौदा वर्षांची आहे. टोकियोच्या पश्चिमेला डोंगरउतारावर वसलेल्या उपनगरातल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहते, थोरल्या बहिणीबरोबर एकच खोली वाटून घेते. वडील ग्रंथालयात नोकरीला, आई या वयात पुन्हा विद्यापीठात शिकतेय. शिझुकूला वाचनाचं वेड. एक दिवस तिच्या लक्षात येतं की आपण ग्रंथालयातून आणतो त्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी एकाच मुलाचं नाव आहे: सेइजी आमासावा. पुढे कळतं की तिच्या नजरेस आपलं नाव पडावं म्हणूनच तो इतकी पुस्तकं वाचत होता.

इथून दुसरा एखादा चित्रपट गैरसमज, खलनायक आणि पळून जाणं या वाटेने गेला असता. इथे सेइजीला व्हायोलिन तयार करणारा कारागीर व्हायचंय. त्यासाठी तो इटलीतल्या क्रेमोना गावी दोन महिने उमेदवारी करायला जाणार असतो. हे ऐकून शिझुकूला त्याचं कौतुक वाटतं आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते. याला आपला रस्ता सापडला, माझं काय? ती ठरवते की तो परत येईपर्यंत आपण एक कादंबरी लिहून पूर्ण करायची. प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली, गुण घसरतात, बहीण संतापते. मग रात्री जेवणाच्या टेबलाशी आईवडील तिला समोर बसवतात. हा प्रसंग प्रत्येक पालकाने पाहावा असा आहे. ती नेमकं काय करतेय हे ते विचारतात. तिला ते पुरतं सांगता येत नाही. वडील थोडा विचार करून तिला करू देतात, पण बजावतात की चारचौघांपेक्षा वेगळ्या वाटेने जाणं सोपं नसतं आणि काही बिनसलं तर दोष दुसऱ्यावर टाकता येत नाही.

कादंबरी पुरी होते. सेइजीचे आजोबा ती पहिल्यांदा वाचतात. ओबडधोबड झालीय हे तिला स्वतःला कळलेलं असतं आणि ती रडते. पण त्या रडण्यातून तिला उमगतं की लिहायचं तर अजून पुष्कळ शिकायला हवं. ती पुढच्या शिक्षणाचा निर्णय स्वतःहून घेते.

शेवटी सेइजी परत येतो आणि पहाटे तिला सायकलवर मागे बसवून टेकडीकडे निघतो. चढ लागतो. तो उभा राहून पेडल मारत असतो, दमछाक होत असते, तरी तिला उतरू देत नाही. तेव्हा ती स्वतःच उडी मारून उतरते आणि मागून सायकल ढकलू लागते. तिला ओझं व्हायचं नसतं. पुढे दोघं टेकडीवर एकमेकांना काय वचन देतात त्यापेक्षा मला हा चढ मोलाचा वाटतो. दोन महिन्यांत ही मुलगी किती वाढली ते इथे तिच्या खांद्यांच्या कलण्यातून आणि पायांच्या रेट्यातून दिसतं.

या गोष्टीत प्रेमाने कुणाचं काही बिघडवलं नाही. उलट दोघांना कामाला लावलं. पण हे शक्य झालं ते एकाच कारणाने: आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी त्यांना वेळ दिला.

कल्याणचं लग्न

आता पुन्हा बसवकल्याणला येऊ. सोमेश्वराच्या नंतर काही दशकांत चालुक्यांची सत्ता कलचुरी बिज्जळाच्या हाती गेली. त्याच्या कारभारात बसवण्णा मोठ्या पदावर होते. त्यांच्याभोवती शरणांचा, म्हणजे त्यांच्या मार्गाच्या शिवभक्तांचा, मेळा जमला आणि अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली परीट माचिदेव, नावाडी चौडय्या, अक्कमहादेवी अशी माणसं एकत्र बसू लागली. जात जन्माने ठरत नाही, हे तिथे नुसतं बोललं गेलं नाही, जगून पाहिलं गेलं.

परंपरा सांगते ते असं. चांभारकाम करणारे हरळय्या आणि जन्माने ब्राह्मण असलेले मधुवरस हे दोघेही शरण झाले. हरळय्यांचा मुलगा शीलवंत आणि मधुवरसांची मुलगी, जिला कुठे लावण्या तर कुठे कलावती म्हटलं आहे, यांचं लग्न झालं. सनातनी मंडळी खवळली. बिज्जळाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेण्याची शिक्षा दिली. त्यानंतर कल्याण पेटलं, बिज्जळाचा खून झाला, शरण दाही दिशांना पांगले. हा काळ ११६७-६८च्या सुमाराचा. गिरीश कर्नाडांनी या घटनांवर १९९० साली ‘तलेदंड’ हे कन्नड नाटक लिहिलं आणि १९९४ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या कथेचं मोठेपण निर्विवाद आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. हरळय्या आठवतात, मधुवरस आठवतात, बसवण्णांची व्यथा आठवते. ज्या दोघांचं लग्न झालं त्यांचं काय? ती एकमेकांना आधी ओळखत होती का? चामड्याच्या वासाच्या घरात पहिल्या दिवशी पाऊल टाकताना तिला काय वाटलं? त्याने तिच्याशी पहिल्यांदा काय बोलायचं ठरवलं होतं? लोकांच्या तोंडी राहिलेल्या कथेत याला जागा नाही. त्यांच्या लग्नाचा निकाल इतक्या लवकर लागला की त्यांना माणसं म्हणून वाढायला अवधीच मिळाला नाही.

‘सैराट’चा उत्तरार्ध

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा जातीबाहेर एकत्र येणाऱ्या दोघांचं काय होतं, हा आठशे वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा पडद्यावर आला. चित्रपट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसराचा, पण बीदर-कलबुर्गीच्या मराठी घरांना त्यातलं काहीच परकं नव्हतं. उसाचे फड तेच, विहिरी त्याच, पाटलाचा दरारा तोच. दुसऱ्याच वर्षी एस. नारायण यांनी ‘मनसु मल्लिगे’ या नावाने तो कन्नडमध्ये केला आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरूच होती. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांनी एकाच मुलीच्या चेहऱ्यातून ही गोष्ट पाहिली.

‘सैराट’ची चर्चा गाण्यांभोवती आणि शेवटाभोवती फिरते. त्याची खरी ताकद मला मधल्या टप्प्यात दिसते. नायिका आर्ची आणि नायक परश्या पळून हैदराबादला जातात. बीदरपासून ते दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि १९५६पर्यंत बीदर-कलबुर्गीचा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. बुलेट चालवणारी आर्ची तिथे झोपडपट्टीत राहते, कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते. सार्वजनिक संडासाची किळस, माहेरची आठवण, परश्याचा संशय, भांडण, मारलेली थप्पड आणि पुन्हा जुळणं, हे सारं दिसतं. ही दोन मुलं आपल्या डोळ्यांदेखत मोठी होतात. शिझुकूने उतरून सायकल ढकलली तशी आर्ची त्या घराचा भार उचलते. आणि आता कुठे त्यांचं बस्तान बसलं असं वाटतं, तेव्हा तिच्या माहेरची माणसं दारात येतात.

म्हणून तो शेवट सोसत नाही. प्रेमी मारले गेल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. इथे मोठी झालेली दोन माणसं मारली जातात आणि त्यांना मोठं होताना आपण पाहिलेलं असतं.

हाताने रंगवलेली मुंबई

भारतातल्या ॲनिमेशनने हा विषय हाताळलाच नाही असं नाही. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ साली व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये उद्घाटनाचा चित्रपट म्हणून दाखवला गेला आणि मार्च २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आला. सुमारे साठ कलाकारांनी दीड वर्ष खपून त्याची एकेक चौकट रंगवली. लहानपणीच लावून दिलेल्या लग्नापासून पळालेली कमला आजोबांना आणि धाकट्या बहिणीला घेऊन मुंबईत येते. दिवसा गजरे करते, रात्री बारमध्ये नाचते. काश्मीरहून आलेला अनाथ सलीम रस्त्यावर फुलं विकतो. रस्त्याची चित्रं बारकाव्यानिशी खरी आहेत. त्या दोघांची स्वप्नं मात्र जुन्या लघुचित्रांच्या शैलीत उमलतात. एक वृद्ध नटी रस्त्याने चालू लागते तसतसा आजूबाजूचा रंग उतरत जातो आणि मुंबई जुन्या कृष्णधवल काळात जाते. विद्ध आणि अविद्ध एकाच चालीत एकमेकांत कसं मिसळतं ते इथे पाहावं.

त्याआधी, १९९०च्या दशकात, युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ‘मीना’ ही मालिका केली. तिचं ॲनिमेशन भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांच्या हातचं. मीनाला शाळेत पाठवतात की नाही, भावाइतका आंबा तिलाही मिळतो की नाही, एवढ्या घरगुती प्रश्नांवर त्या गोष्टी उभ्या होत्या आणि त्या अनेक देशांतल्या मुलींना आपल्या वाटल्या. मीना नऊ वर्षांची. ती चौदाची झाल्यावर काय, ती गोष्ट आता सांगायची आहे.

येळवसच्या शेतात

अशी गोष्ट औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात घडवायची झाली तर काय काय काढावं लागेल?

सर्वांत आधी बोलणं. १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा एका राज्यात गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद दुसऱ्या. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. इथली मुलगी आईशी मराठीत बोलते, शाळेत कन्नडमध्ये उत्तर देते आणि बाजारात दखनीत भाव करते. लाजताना ती कोणत्या भाषेत लाजते, रागावताना कुठल्या भाषेत उसळते, हे ऐकल्याशिवाय तिचे ओठ काढता येणार नाहीत. ताकाहातांनी केलं तसं आधी इथल्याच मुलामुलींचे आवाज घ्यावेत आणि मग त्यावर चेहरे बेतावेत.

मग ठिकाणं. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे इकडची वेळ अमावास्या किंवा येळवस, घ्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप केलेली असते, आत दगडांचे पांडव चुन्याने रंगवून मांडलेले असतात. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. ज्याचं शेत नाही त्यालाही कुणीतरी आग्रहाने बोलावून नेतं. वर्षभर ज्यांना एकमेकांच्या गल्लीत पाय ठेवता येत नाही ती मुलंमुली त्या दिवशी एकाच बांधावर असतात. एक मुलगी आंबिलीचा ग्लास पुढे करते. मुलगा घेतो. ग्लास कोण कुणाला देतं, कोणत्या पंगतीत देतं आणि ते पाहून कोणत्या चुलत्याची मान वळते, या तीन हालचालींत इथला सगळा समाज आहे. कॅमेऱ्यातून हा क्षण गर्दीत हरवेल. चित्रकार मात्र आंबिलीच्या ग्लासावरची दोन बोटं तेवढी ठेवील.

मग एस.टी. दहावीला इकडे एस.एस.एल.सी. म्हणतात आणि पुढच्या दोन वर्षांना पी.यू.सी. पी.यू.सी.चं कॉलेज बहुधा तालुक्याला. जून २०२३पासून कर्नाटकात बायकामुलींना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. घरातल्या मुलीला पुढे शिकवायचं की नाही या वादातला एक मुद्दा तरी त्या तिकिटाने कमी केला. शिझुकूच्या गोष्टीत ग्रंथालयाचं कार्ड आहे. इकडच्या गोष्टीत हे तिकीट असेल.

आणि मग कायदा. २००६च्या कायद्याप्रमाणे लग्नासाठी मुलगी १८ची आणि मुलगा २१चा हवा. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना धाक बसावा यासाठी तो कायदा अत्यंत गरजेचा आहे. पण सोळा-सतरा वर्षांची दोघं आपणहून एकत्र आली तरी मुलावर तोच गुन्हा दाखल होऊ शकतो. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने अशाच एका प्रकरणात, वयाच्या अटीचा विधी आयोगाने फेरविचार करावा असं सुचवलं आणि नववीपासूनच्या मुलांना शाळेत या कायद्याची माहिती द्यावी असंही सांगितलं. आयोगाने २०२३च्या अहवालात वय कमी करू नये अशी शिफारस केली आणि सोळा ते अठरा वयाच्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरण्याची मुभा असावी असं सुचवलं. प्रौढांमध्ये हा वाद चालू आहे. ज्यांच्याबद्दल तो चालू आहे त्या मुलांपर्यंत मात्र तो बहुधा पोचतो तेव्हा घरात पोलीस आलेले असतात.

चौदा ते अठरा

आपल्या भागात मुलीचं मन कुठे गुंतलंय अशी कुणकुण लागली की दोनच उपाय सुचतात. शाळा बंद करून घाईघाईने लग्न लावून द्यायचं, नाहीतर त्या मुलाला धडा शिकवायचा. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: प्रेम म्हणजे ताबडतोब निकाल लावायची बाब. कल्याणच्या लग्नाचा असाच निकाल लागला, आर्ची-परश्याचाही लागला.

शिझुकूच्या आईवडिलांनी तिसरा रस्ता दाखवला. त्यांनी तिच्या प्रेमाला परवानगी दिली असं नाही. बंदीही घातली नाही. समोर बसवून ऐकून घेतलं, जबाबदारीची जाणीव दिली आणि थांबले. आपल्याकडे हे अशक्य आहे असं कुणी म्हणेल. पण थांबायला पैसा लागत नाही, जात आड येत नाही आणि कुठल्या धर्माची मनाई नाही. लागतो तो धीर. आणि धीर पाहून पाहून शिकता येतो. म्हणून अशा गोष्टी इथल्या भाषांत, इथल्या मुलांच्या आवाजात, इथल्या चित्रकारांच्या हातून व्हायला हव्यात. शाळांतून त्या आईवडिलांना आणि मुलांना एकत्र बसवून दाखवायला हव्यात. तोवर ज्या आहेत त्या तरी दाखवाव्यात. चित्र समजायला जपानी यावी लागत नाही.

चौदा ते अठरा ही चार वर्षं आहेत. कायदा त्या वयात लग्न लावू देत नाही आणि कुणाला धडा शिकवण्याचाही अधिकार देत नाही. मधल्या काळात मुलीने पी.यू.सी. करावी, मुलाने एखादं काम हाती घ्यावं, दोघांनी चुकावं, भांडावं, कदाचित एकमेकांना विसरूनही जावं, आणि अठराव्या वर्षी जी दोन माणसं उरतील त्यांनी आपलं आपण ठरवावं. ही चार वर्षं मुलांची आहेत, आणि त्यांना ती मिळवून देणं हे आईबापांचं, शिक्षकांचं आणि गोष्टी सांगणाऱ्यांचं काम आहे.